विडी वळणारे हात

17 नोव्हेंबर 2024, रविवार

हात काढताना बोटांपासून सुरुवात करायची नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. आज दुपारी स्वतःच्या डाव्या हातावर तेच पुन्हा केलं. आधी तळव्याचा ठोकळा, त्याच्या कडेला वेगळ्याच दिशेला तोंड करून बसलेला अंगठा, मग चार बोटांचा मिळून एकच आकार. बोटं सुटी करायची ती अगदी शेवटी. मूठ वळली की वर येणारे चार सांधे सरळ रेषेत नसतात, कमानीत असतात. मधल्या बोटाचा सांधा सर्वांत उंच, करंगळीचा सर्वांत खाली. ही कमान कागदावर बसली की अर्धा हात झाला.

पाठीकडून बोटं लांब दिसतात, तळव्याकडून आखूड. दोन बोटांमधली कातडी तळव्याच्या बाजूने बरीच पुढपर्यंत आलेली असते, म्हणून. मुलं पाठीकडची लांबी तळव्याला देतात आणि मग हात खटकत राहतो, पण नेमका कुठे ते त्यांना सापडत नाही. पेन्सिल ताठ हाताने समोर धरून, एक डोळा मिटून माप घेतलं की लगेच सापडतं.

हातात 27 हाडं. मनगटात 8, तळव्यात 5, बोटांत 14. आणि बोटं हलवणारा एकही स्नायू बोटांत नाही. बोटं वाकवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मध्ये बसलेले असतात आणि लांब कंडरांनी बोटं ओढतात. कुठलीही वस्तू घट्ट धरून दुसऱ्या हाताने कोपराखाली चाचपून पाहावं, तिथलं मांस हलताना कळतं. म्हणूनच मनगटाशी कापून काढलेला हात मला अपुरा वाटतो. बोटांत जोर आहे की नाही, हे मनगटाच्या वरच ठरतं.

माझा डावा हात काढून काढून पाठ झाला आहे. तो माझ्या मर्जीने बसतो, माझ्या मर्जीने उठतो. या थंडीत दुसऱ्यांचे हात काढायचे. कामाचे हात, समोर बसून.

21 नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान झालं. साहित्य जमा करून घरी यायला मध्यरात्र उलटली, म्हणून आज लिहिते. नेमणूक पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात होती आणि माझ्याकडे काम शाईचं. रजिस्टरवर सही किंवा अंगठा घ्यायचा, चिठ्ठी द्यायची आणि डाव्या तर्जनीवर नखाच्या टोकापासून पहिल्या सांध्यापर्यंत रेघ ओढायची. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत टेबलावर एकामागून एक डावे हात येत राहिले. चित्रकलेच्या बाईला याहून मोठी शिकवणी कोण देणार?

बाजरी-कांद्याच्या रानातली बोटं, पेरांच्या चिरांत काळी माती कायमची बसलेली. म्हाताऱ्यांच्या हाताच्या पाठीवर शिरा कातडीच्या वर उचलून आलेल्या. ऊसतोड करणाऱ्यांचे हात तर न विचारता ओळखू येत होते. ऊस डाव्या हातात धरतात, कोयता उजव्या. वार निसटला की खूण डाव्या हातावरच राहते. तर्जनीवर, अंगठ्याच्या मुळाशी, पांढरट तिरकी रेघ. यंदाचं गाळप 15 नोव्हेंबरपासून सुरू झालंय. काही टोळ्या मतदानासाठी गावात थांबल्या होत्या, बैलगाड्या भरलेल्या. शाई वाळायच्या आत माणसं निघत होती.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. 'हात ठेवा' म्हटलं की सगळे हात सारखेच पडतात. सपाट, पाठ वर, बोटं जुळलेली. खुणा वेगळ्या, रंग वेगळा, पण ठेवण तीच. हात ओळखू यायचा तो टेबलावर येण्याआधी. कडेवरचं पोर सावरताना, पदराच्या गाठीतून ओळखपत्र सोडवताना, काठी दुसऱ्या हातात घेताना. टेबलावर ठेवलेला हात कुणाचाही असू शकतो.

केंद्रात मोबाईल नाही, आणि कागद-पेन्सिल काढून बसणं तिथे शोभलंही नसतं. आज सकाळी स्मरणातून काही हात उतरवले. एलिमेंटरीच्या परीक्षेतला स्मरणचित्राचा पेपर मुलांना नको असतो, मला मात्र तो सर्वांत उपयोगाचा वाटतो. आठवणीत खुणा राहतात आणि मापं निसटतात. म्हणून या कागदांवर जखमेच्या रेघा अचूक आहेत आणि बोटांची लांबी अंदाजाने आहे.

शाई माझ्याही बोटांना लागली आहे. म्हैसूर पेंट्स अँड वॉर्निश या कर्नाटक सरकारच्या कारखान्यात ती 1962 पासून निवडणुकांसाठी बनते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, उजेड लागला की ते काळं पडतं. पेन्सिलीने काम करणाऱ्याला हा डाग मोठी मदत करतो. तो हातावरचा सर्वांत गडद भाग. आधी तो 6बीने पूर्ण भरला की कातडीवरची सर्वांत खोल सावलीसुद्धा त्याहून उजळ ठेवावी लागते, आणि छटांची सगळी उतरंड आपोआप जागेवर येते. मुलं बोटांमधल्या फटी एकदम काळ्याकुट्ट करतात. त्यांना हे दाखवायला हवं.

24 नोव्हेंबर, रविवार

नगरच्या तोफखान्यात विड्या वळणाऱ्या एका मावशींकडे गेले. त्यांचा नातू आमच्या शाळेत आठवीला आहे, त्याच्याकडूनच निरोप पाठवला होता. घर पद्मशाल्यांचं, बोलणं आपसात तेलुगू, माझ्याशी मराठी. ओसरीवर उजेड चांगला, उत्तरेकडून येणारा, फार न बदलणारा.

मावशी बसल्या होत्या मांडीवर सूप घेऊन. सुपात एका कडेला कातरून ठेवलेली तेंदूची पानं, ओल्या फडक्यात गुंडाळलेली, एका कडेला तंबाखू. भिंतीशी दोऱ्याचं रीळ. पान डाव्या तळहातावर उघडायचं, चिमूटभर तंबाखू लांबट पसरायची, दोन्ही अंगठ्यांनी पान वळवत न्यायचं, वरचं तोंड नखाने आत दाबायचं, खालच्या बाजूला दोऱ्याचे वेढे द्यायचे, दोरा तोडायचा. हे सगळं मला लिहायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्यांच्या कितीतरी विड्या होऊन सुपात पडल्या.

म्हटलं, "मावशी, जरा असाच हात धरून ठेवाल का?"

त्यांनी हात धरला. आणि त्याच क्षणी तो हात बदलला. अंगठा बोटांपासून सुटला, करंगळी ताठ झाली, मनगट वर उचललं गेलं. पान होतं तसंच होतं, पण पकड गेली. मी तरी काढत राहिले. प्रमाण बरोबर, छायाही बरी उतरली. मावशींचा हात मात्र अवघडला.

त्या म्हणाल्या, "बाई, असं बसून माझी विड्यांची हजारी कशी भरायची? तुम्ही काढा तुमचं, मी वळते माझं."

आणि त्यांनी मला रस्ता दाखवला. विडी वळणारा हात एका जागी थांबत नाही, पण तो सारखा त्याच जागी परत येतो. पान उघडलेला हात, वळणारा हात, तोंड बंद करणारा हात, दोरा गुंडाळणारा हात. चार ठाणी आहेत. मी चार कागद शेजारी शेजारी मांडले. हात ज्या ठाण्यावर आला त्या कागदावर एक रेघ, पुढच्या ठाण्याला पुढच्या कागदावर एक रेघ. पहिल्या फेऱ्यांत फक्त दिशा मिळाल्या, मग सांधे, मग बोटांच्या मधल्या मोकळ्या जागा. या मोकळ्या जागांचा मला फार आधार वाटतो. बोट कसं दिसतं याबद्दल मनात आधीच काहीतरी ठरलेलं असतं, पण अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये सापडलेल्या त्या वाकड्या त्रिकोणाबद्दल कुणाच्या मनात काहीच ठरलेलं नसतं. तो दिसतो तसाच निघतो.

उठले तेव्हा पाय बधिर झाले होते. मावशी सकाळपासून तशाच बसलेल्या, आणि मी निघाल्यावरही बसणार होत्या.

26 नोव्हेंबर, मंगळवार

कार्ट्रिज पेपर आणला, जरा दाणेदार. कॅम्लिनच्या ड्रॉइंग पेन्सिली, एचबीपासून 6बीपर्यंत, आणि पुट्टी रबर. टोक ब्लेडने लांब काढते आणि सँडपेपरवर घासते. शार्पनरच्या आखूड टोकाने छटा पसरत नाही.

ग्रॅफाइट मऊ करायचं की कडक हे त्यात माती किती मिसळली यावर ठरतं. ही युक्ती निकोला-झाक काँते या फ्रेंच माणसाची, 1795 सालची. इंग्लंडशी लढाई चालू होती, तिथलं उत्तम ग्रॅफाइट फ्रान्सला मिळत नव्हतं, तेव्हा त्याने ग्रॅफाइटची पूड मातीत कालवून भट्टीत भाजली. आज आठवीतला मुलगा दुकानात 'टू बी द्या' म्हणतो ते त्यामुळे. ग्रॅफाइटची एक खोड आहे. गडद करायला जावं तर ते चकाकतं, आणि कागद तिरका धरला की सावलीच उजळ दिसू लागते. म्हणून एकाच 6बीने दाबून काळं करायचं नाही. आधी 2बीचे थर द्यायचे, मग वरून हलक्या हाताने 4बी.

पेन्सिलीचं काम वहीपुरतंच असतं असं मुलांना वाटतं. त्यांना एकदा महावीर कलादालनात न्यायला हवं. प्रमोद कांबळे यांनी काढलेलं भिंतभर पेन्सिलचित्र, शेकडो माणसांचे चेहरे, तेही आपल्याच नगरात.

1 डिसेंबर, रविवार

ढगाळ. ओसरीवरचा उजेड चहूकडून सारखा आला. सावल्या पुसट, कडा मऊ. अशा दिवशी मोठी रचना बघू नये, बारकावे बघावेत. आज फक्त उजव्या अंगठ्याचं पहिलं पेर आणि त्याला टेकलेलं तर्जनीचं टोक काढलं. दुप्पट आकारात.

मावशींच्या अंगठ्याच्या पुढच्या भागावर रेषा जवळजवळ उरलेल्या नाहीत. पान घासून घासून कातडी गुळगुळीत झाली आहे, थोडी पिवळसर, जुन्या तांब्याच्या भांड्याच्या कडेसारखी. आपल्या बोटाच्या टोकावर उजेड पसरट पडतो, कारण तिथे बारीक वळ्या असतात. त्यांच्या टोकावर उजेडाचा ठिपका लहान आणि तीक्ष्ण बसतो. पेन्सिलीच्या भाषेत सांगायचं तर आजूबाजूची छटा सपाट घासून, मधला ठिपका पुट्टी रबराच्या टोकाने एकदाच टिपून घ्यायचा. दोनदा टिपला तर कड विरघळते आणि मग ते दुसऱ्या कुणाचं बोट होतं. त्याच अंगठ्याच्या मुळाशी मात्र कातडी जाड, बारीक चिरांची. एकाच बोटावर दोन प्रकारचं काम. वर थर, खाली रेघा.

रेशनला गेल्या महिन्यात यंत्रावर त्यांचा अंगठा उमटला नाही. दुसरं बोट, तिसरं बोट, पाणी लावून, पदराला पुसून. शेवटी नातवाला शाळेतून बोलावलं. मावशींनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही, उशीर झाला आणि विड्या राहिल्या याचं त्यांना वाईट वाटलं होतं. मला राग आला. आयुष्यभराच्या कामाने बोटावरची ओळख झिजते आणि मग ओळख पटवायची वेळ येते ती त्याच बोटावर. 1966 च्या कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं. कागदावर ती कामगार आहे. यंत्राला मात्र तिचा हात ओळखता येत नाही.

अंगठ्याचं नख थोडं वाढवलेलं, डाव्या कडेने झिजलेलं. विडीचं तोंड दाबायला तेच लागतं. नख काढताना मुलं आधी नखाची बाह्यरेषा काढतात. नखाला बाह्यरेषा नसते. दोन कडांना कातडीच्या बारीक भिंती असतात, मुळाशी कातडी वर चढते आणि टोक फक्त मोकळं असतं. नख बोटाच्या गोलाईवर वळलेलं आहे एवढं दाखवलं की बाकीचं पाहणाऱ्याचा डोळा भरून काढतो.

3 डिसेंबर, मंगळवार

नववीच्या वर्गात मूठ काढायला दिली. प्रत्येकाने स्वतःची. एका मुलाने वडिलांच्या हाताचा मोबाईलवरचा फोटो आणला होता आणि त्यावरून चौकटी आखून फार सफाईने काढला होता. वडील गवंडी आहेत. चित्रात दोन बोटं अवाढव्य होती आणि मनगट बारीक. चूक त्याच्या डोळ्याची नव्हती. फोन हाताच्या फार जवळ धरला की जवळचं मोठं आणि लांबचं लहान होतं, आपल्या डोळ्याला दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त. शिवाय फोटोतली सावली सगळी एकसारखी काळी. सावलीच्या आत फिरणारा उजेड, खालच्या सिमेंटवरून परत उसळलेला, तो तिथे नसतोच. आणि हाताला गोलाई येते ती नेमकी त्या परतलेल्या उजेडाने.

त्याला म्हटलं, "वडील संध्याकाळी चहा पितात ना? तेव्हा समोर बस. कप धरलेला हात काढ. पुरा नाही झाला तर नाही."

"सर रागावतील का अर्धंच दाखवलं तर?" प्रश्न त्याच्या क्लासमधल्या सरांबद्दल होता. अर्धं पण समोर बसून काढलेलं मला पूर्ण फोटोपेक्षा मोलाचं आहे, हे मी त्याला सगळ्या वर्गासमोर सांगितलं. ग्रेड परीक्षेच्या तयारीत छापील नमुन्यावरून घटवून घेण्याची जी सवय लागली आहे, ती मुलांचे डोळे बंद करते. मला त्याबद्दल मनापासून दुःख होतं.

5 डिसेंबर, गुरुवार

रात्री केथे कोल्विट्झची चित्रं पाहत बसले. ही जर्मन बाई आणि आपले चित्रकार धुरंधर एकाच वर्षी जन्मलेले, 1867 साली. धुरंधर कोल्हापूरचे, जे. जे.मध्ये शिकले आणि तिथेच शिकवलं. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' लिहिलं. मुंबईच्या रस्त्यावरच्या बायका त्यांनी काढल्या तेवढ्या बारकाईने त्या काळात फार थोड्यांनी काढल्या असतील. पण धुरंधरांच्या बायका बहुधा चालत असतात, डोक्यावर काही घेऊन, पदर सावरत, आणि नजर जाते ती नेसण्याच्या ढबीवर. कोल्विट्झकडे आधी हात दिसतात. जड, मोठे, चेहऱ्याच्या आकाराचे.

तिची पहिली गाजलेली मालिका विणकरांवर आहे. 1844 मध्ये सिलेशियातल्या हातमागवाल्यांनी केलेला उठाव. त्यावरचं हाउप्टमानचं नाटक तिने 1893 मध्ये पाहिलं आणि पुढची काही वर्षं त्या सहा चित्रांत घालवली. तोफखान्यातून आल्यावर ही चित्रं निराळी दिसली. मावशींच्या सासऱ्यांच्या घरात हातमाग होता. लुगडी विणत. माग बसला, पुरुष दुसऱ्या कामांना लागले आणि बायकांच्या मांडीवर सूप आलं. दोरा गुंडाळतानाची त्यांच्या बोटांची ती झटक्याची फेरी मी इतके दिवस काढते आहे. दोऱ्याशी त्या घराचा संबंध माझ्या अंदाजापेक्षा जुना आहे.

नगरच्या चित्रांतले सर्वांत जुने हात म्हणजे 'तारीफ-इ-हुसेनशाही'तले. निजामशाहीच्या दरबारात, 1565 नंतरच्या काही वर्षांत रंगवलेली ती पोथी आता पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. हुसेन शाहाशेजारची राणी खुन्जा हुमायून हिची आकृती नंतर कुणीतरी त्यातल्या चित्रांतून रंग फासून पुसून टाकली. हातासकट. त्या काळी या गावात माग होते, वीट होती, किल्ल्याचा दगड घडवणारे होते. त्यांचे हात कुणी काढले नाहीत. ते काढावेत असं कुणाला वाटलंही नसेल.

6 डिसेंबर, शुक्रवार

काल एका चित्रकाराचं नाव लिहायचं राहिलं. हळदणकरांचं. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर. दिवा घेतलेल्या बाईचं त्यांचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. अनेक घरांत त्याची छापील प्रत असते आणि लोक ते रविवर्म्याचं समजतात. मुलगी गीता हिला उभं करून त्यांनी ते काढलं. दिव्याला आडोसा धरलेल्या हाताची बोटं त्यात लाल होतात, उजेड बोटांच्या आरपार येतो.

ग्रॅफाइटमध्ये लाल नाही. मग आरपार आलेला उजेड कसा दाखवायचा? मावशी प्रत्येक पान वळण्याआधी क्षणभर दाराकडे धरून बघतात, भोक आहे का, शीर कुठे जाते. त्या क्षणी पान उजळतं आणि पान धरलेल्या बोटांची आतली बाजू त्या उजेडात येते. आज घरीच पिंपळाचं पान धरून करून पाहिलं. बोटांची कड गडद करायची नाही. आतला भाग थोडा दाबायचा आणि कडेला मऊ, उजळ पट्टी सोडायची. नेहमीच्या सावलीच्या बरोबर उलट. तेवढ्याने रंग नसतानाही बोटात रक्त आहे असं वाटतं.

8 डिसेंबर, रविवार

सगळे कागद घेऊन गेले. ओसरीवर मांडले. पहिल्या दिवशी स्थिर धरायला लावलेला हात आणि नंतरची चार ठाणी. स्थिर हातावर मी घरी पुष्कळ काम केलं होतं. छटा सफाईदार, कडा नेटक्या, शाळेच्या भिंतीवर लावला तर सगळे थांबून बघतील असा. बाकीचे चार अजून ओबडधोबड, एकावर एक चढलेल्या रेषांचे.

मावशींनी चष्मा लावला. पहिल्या कागदावरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हा कुणाचा?"

"तुमचाच, मावशी."

"नाही." एवढंच. मग वळणाऱ्या हातावर बोट ठेवलं. "हा माझा. बघ ना, करंगळी कशी आत घेते मी. माझी जाऊ बाहेर ठेवते, तिची विडी सैल होते." सुनेला हाक मारली, तेलुगूत काहीतरी सांगितलं. सून आतून आली, तिने चारही कागद एकेक करून हातात घेतले आणि दोरा गुंडाळणाऱ्या हातावर ती हसली. सासूची ती फेरी घरातल्या सगळ्यांना पाठ आहे. सून स्वतः वळत नाही. ती एमआयडीसीत कामाला जाते आणि मावशींना त्याचं समाधान आहे. तिचे हात पाहिले. तरतरीत, बोटांची टोकं पूर्ण रेषांची.

ओळखलं ते छटांवरून नाही, पकडीवरून. करंगळी आत की बाहेर, यावर एक बाई दुसरीपासून वेगळी होते. वास्तववादी चित्र म्हणजे कातडीची प्रत्येक सुरकुती, असं मानणाऱ्यांना मी मावशींच्या ओसरीवर न्यायला तयार आहे. सुरकुत्या पहिल्या कागदावरही होत्या. हाताला त्याचा आकार काम देतं, आणि काम थांबलं की तो आकार हातातून निघून जातो. मग उरतो तो सपाट, बोटं जुळलेला हात, मतदान केंद्राच्या टेबलावर पडतो तसा.

निघताना विचारलं, "यातला एक तुम्हाला देऊ का?"

"द्या की. पण पूर्ण करून द्या. तंबाखू दिसली पाहिजे."

11 डिसेंबर, बुधवार

वळणाऱ्या हाताचा कागद पूर्णत्वाला नेते आहे. मोठा प्रश्न रेषांचा. वेगवेगळ्या फेऱ्यांतल्या रेषा एकमेकांच्या शेजारी पडल्या आहेत. अंगठ्याच्या बाहेरच्या कडेला तीन आहेत. पुसून एक ठेवली तर चित्र स्वच्छ होईल, पण तो हात त्या तिन्ही जागी खरोखर होता. तीनही ठेवल्या. जिथे पान बोटांत घट्ट दाबलं जातं तिथली एकच रेष गडद केली, बाकीच्या दोन कागदात विरत जाऊ दिल्या. जोर जिथे आहे तिथे कड कठीण, जिथे हात फक्त पुढे सरकतो आहे तिथे कड सुटलेली. मनगटाच्या वर चार बोटं जागा सोडली होती, ती आता कामी आली. कंडरांच्या दोन लांब सावल्या तिथपर्यंत नेल्या. पानाच्या शिरा एचबीच्या टोकदार पेन्सिलीने, अगदी शेवटी. तंबाखू 4बीचे तुटक ठिपके. मावशींच्या म्हणण्याप्रमाणे दिसली पाहिजे.

फिक्सेटिव्हचा फवारा उद्या उन्हात मारेन. घरात मारला तर वास दिवसभर जात नाही.

पान कातरणारा हात राहिला आहे. पत्र्याचा नमुना पानावर ठेवून मावशी कात्रीने त्याच्या कडेकडेने फिरतात. कात्री उजव्या हातात, नमुना डाव्या अंगठ्याखाली दाबलेला, आणि दोन्ही हात एकमेकांकडे वळलेले. दोन हात एकत्र काढायला घेतले की मधल्या मोकळ्या जागा दुपटीने वाढतात. मावशी शनिवारी संध्याकाळी आठवडाभराची पानं कातरायला बसतात. त्या दिवशी दत्तजयंती आहे, शाळेला सुट्टी. चार वाजता जाईन म्हणजे उजेड दीड तास तरी मिळेल.